पार्किन्सन आणि घरातला वावर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सासरे ७२ वर्षांचे आहेत, सहा वर्षांपासून पार्किन्सन. न्हाणीघरात दोनदा पडले. नशिबाने मुका मारच बसला. तरी आतून कडी लावूनच आंघोळ करतात. बाहेर कुणी उभं राहिलं तरी चिडतात. मी सून, किती बोलणार? – एक वाचक, नाशिक

उत्तर : कडीचं नंतर बघू. दोन्ही वेळा ते पडले ते किती वाजता आणि त्याआधीची गोळी कधी घेतली होती, हे आधी आठवून बघा. लेव्होडोपा ही पार्किन्सनची मुख्य गोळी घेतल्यावर बहुतेकांचं अंग अर्ध्या-पाऊण तासात मोकळं होतं आणि पुढच्या गोळीच्या आधी पुन्हा जखडू लागतं. आपल्याकडे आंघोळ उठल्याउठल्या, पूजेच्या आधी. म्हणजे रात्रभराच्या खंडानंतर, अंग सगळ्यात जड असताना. तीन दिवस वहीत गोळीच्या आणि जेवणाच्या वेळा लिहा आणि दर तासाला ‘मोकळं’, ‘जड’ किंवा ‘अनावर हालचाल’ यांपैकी एक शब्द. वही डॉक्टरांनाही दाखवा. गोळी ते दुधासोबत घेत असतील तर ते बंद करा. दूध, डाळी, अंडी यांतली प्रथिनं तिच्या आड येतात. जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर घ्यावी. मळमळत असेल तर सोबत एखादं साधं बिस्कीट चालेल. बऱ्याच घरांत आंघोळ तास-दीड तास पुढे सरकवली की निम्मं भांडण मिटतं. सासऱ्यांनाही ‘एकट्याने करू नका’पेक्षा ‘नाश्त्यानंतर करा’ हे ऐकायला सोपं जातं.

आता कडी. त्यांची लाज खरी आहे, तुमची भीतीही. आतली कडी काढून, बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल असं लॉक बसवा. दार आत उघडत असेल तर सुताराकडून ते बाहेर उघडणारं करून घ्या. माणूस दाराला टेकून पडला तर आत ढकललेलं दार त्याच्याच अंगावर अडतं.

आधाराचा दांडा स्टीलचा, भिंतीत ड्रिल करून बसवलेला हवा, फरशीपासून ३३ ते ३६ इंचांवर. व्हॅक्यूमने चिकटणारे दांडे ओल्या टाइलवरून निसटतात आणि टॉवेलचा दांडा तर पहिल्याच झटक्यात स्क्रूसकट हातात येतो. पोकळ विटांच्या भिंतीत साधा प्लास्टिकचा प्लग सैल होतो, तिथे वेगळे अँकर लागतात. बसवणाऱ्याला जाण्याआधी त्यावर पूर्ण भार टाकून दाखवायला सांगा. बसायला हलकं प्लास्टिकचं स्टूल नको; पायांना रबर, पाठ आणि हात असलेली खुर्ची हवी. बादली जमिनीवर असली की प्रत्येक मगाला वाकावं लागतं आणि तोल तिथेच जातो. ती बुटक्या, भक्कम स्टुलावर ठेवा किंवा हातात धरायचा शॉवर लावा. अंग पुसणं आणि पायजमा चढवणं बसूनच.

गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि पार्किन्सनमध्ये रक्तदाब आधीच उठल्यावर घसरू शकतो. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवा. अंग मोकळं असतानाही ते पडत असतील तर मात्र आंघोळीच्या वेळी कुणीतरी हाकेच्या अंतरावर हवंच, ते कितीही चिडोत.

प्रश्न : मी स्वतः रुग्ण. स्वयंपाकघराच्या दारात पाय फरशीला चिकटतात. मुलगा हात धरून ओढतो. आता एकट्याने फिरायचं नाही असा हुकूम निघालाय, वॉकरही आणलाय. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुलाला ओढू नको म्हणा. धड पुढे जातं, पाय मागेच राहतात, आणि माणूस तोंडावर पडतो. पाय अडले की झटापट करू नका. पूर्ण थांबा, ताठ व्हा, भार डाव्या पायावरून उजव्यावर, परत डाव्यावर असा झुलवा आणि मोठ्याने ‘एक’ म्हणत एक लांब पाऊल टाका. दाराच्या अलीकडून पलीकडेपर्यंत फरशीवर आडव्या पट्ट्या चिकटवा, दीड-दीड फुटावर, फरशीपेक्षा वेगळ्या रंगाच्या. त्या ओलांडायच्या म्हटलं की पाय उचलला जातो. चकचकीत टेप घेऊ नका, पोछा मारताना कडा उचकटतात आणि त्यातच बोट अडकतं. वळताना जागच्या जागी गिरकी नको, अर्धगोल फिरा. चालताना हात रिकामे हवेत आणि कुणी मागून हाक मारू नये.

उचलून ठेवायचा वॉकर पाय अडणाऱ्यांना बहुधा जाचतोच. चाकांचा वॉकर ब्रेकसकट आणि फिजिओथेरपिस्टसमोर चालून बघूनच घ्या. ब्रेक नसला तर तो पुढे पळतो, तुम्ही मागे. फिरायला जरूर जा. गोळीचा अंमल असताना, ठरलेल्या रस्त्याने, खिशात मोबाइल आणि एक कार्ड, त्यावर नाव, आजार, गोळ्यांच्या वेळा आणि घरचा नंबर. परतायची वेळ मुलाला सांगून निघा. मग त्याने अधेमधे फोन करायचा नाही, हेही ठरवून घ्या. तुम्ही चालता चालता फोन उचलणार आणि नेमके तिथेच अडणार.

प्रश्न : आईला उलट्या झाल्या म्हणून दवाखान्यात इंजेक्शन दिलं. नंतर दोन दिवस ती पार जखडली. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : उलटीवरची मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही औषधं मेंदूतल्या डोपामिनचं, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या आणि पार्किन्सनमध्ये आधीच कमी पडणाऱ्या रसायनाचं, काम अडवतात, भ्रमावर दिलं जाणारं हॅलोपेरिडॉलही तसंच. कुठलं इंजेक्शन होतं ते कागदावर बघा. ही तीन नावं ‘पार्किन्सन – देऊ नये’ असं लिहून आईच्या फाइलच्या पहिल्या पानावर लावा. दाखल व्हावं लागलं तर गोळ्यांच्या वेळा नर्सकडे लिहून द्या. वॉर्डातली सकाळ-दुपार-रात्र इथे चालत नाही. गोळी अचानक बंद झाली तर ताप आणि तीव्र ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : स्कूटर सोडावी का? थरथर फक्त एकाच हाताला आहे. – एक वाचक, ठाणे

उत्तर : सोडावी. अडचण थरथरीची नाही. सिग्नलला पाय टेकायला आणि ब्रेक दाबायला होणाऱ्या उशिराची आहे, आणि तो उशीर स्वतःला जाणवत नाही. चारचाकीबद्दल मात्र न्यूरॉलॉजिस्टना विचारून ठरवा आणि तो प्रश्न दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारा.