समच्या वाळूत एकटी जाणार आहेस, तर…

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. जैसलमेरला एकटीनंच जायचं ठरवलंस, तिकीट काढलंस, आईचा होकारही कसाबसा मिळवलास. आता घोडं अडलंय ते वाळवंटाच्या सफारीपाशी, म्हणजे जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांपाशी. ‘समला नुसती जत्रा असते म्हणतात मावशी, त्यापेक्षा कुणी आतल्या निर्मनुष्य टेकड्यांवर नेणारा मिळतो का बघते,’ असं लिहिलंयस. ते वाचून झोप उडाली, म्हणून सकाळी उठून हे लिहायला बसले.

तू समलाच जा. गर्दी असते, जीपगाड्या असतात, चहा आणि मॅगीच्या टपऱ्या असतात, सगळं खरं आहे. पण पहिल्यांदा एकटी जाणाऱ्या मुलीला तीच गर्दी सोबतीला येते. तुझ्या तंबूशेजारी नागपूरचं नाहीतर सुरतेचं एखादं कुटुंब असतं, जेवताना त्यांची आजी ‘एकटी आलीस गं?’ म्हणून विचारते, आणि रात्री दहानंतरही हाकेच्या अंतरावर माणसं असतात. निर्जन टेकडीवर तू, एक अनोळखी माणूस आणि रेंज नसलेला फोन, एवढंच उरतं. तिथला एकांत फार सुंदर असतो, पण तो दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला घे, ओळखीपाळखी झाल्यावर. खुरी नावाचं गाव आहे, शहरापासून साधारण समइतकंच लांब आणि बरंच शांत. पुढच्या वेळी तिथे जा.

आता पैशांचं. मी पहिल्यांदा एकटी गेले ती 2006 साली, डिसेंबरात. खोली अगदी स्वस्तात मिळाली म्हणून खूश होते. तिथल्या माणसानं सफारीचे सगळे पैसे आगाऊ घेतले आणि ‘ऊंट, खाना, टेंट, सब इन्क्लुडेड’ म्हणून सांगितलं. समला पोहोचले तर कॅम्पवाला म्हणाला, उंटाचे पैसे आमच्यापर्यंत आलेलेच नाहीत. मी अर्धा तास हुज्जत घालत राहिले. बाजूला एक म्हातारा उंटवाला दोरी हातात धरून गप्प उभा होता. सूर्य टेकडीआड गेला तेव्हा त्यानं एकदा तिकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि उंटाला घेऊन निघून गेला. माझी संध्याकाळ गेली याचं दुःख कधीच विसरले. त्याची त्या दिवसाची शेवटची फेरी बुडाली, हे मात्र अजून डाचतं.

म्हणून सांगते, फार स्वस्त खोली दिसली की सावध हो. तिथे खोलीवर सोडलेले पैसे बऱ्याचदा सफारीवर वसूल करतात, आणि त्यांच्याकडून सफारी घेतली नाही तर चेहरे बदलतात. खोली ठरवतानाच सांगून टाक की सफारीचं मी मागाहून बघेन. सफारी ठरवशील तेव्हा काय काय धरलंय ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून माग: जीप शेअरची की स्वतंत्र, उंट किती वेळ, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता, परत कधी सोडणार. एकट्या माणसाला तंबूचे दोघांचे पैसे सांगतात. घासाघीस जरूर कर, थोडे जास्त द्यावे लागले तर दे. निम्मे आगाऊ, निम्मे दुसऱ्या दिवशी. जीपच्या नंबरप्लेटचा फोटो आईला पाठव, आणि पाठवतेयस हे ड्रायव्हरला दिसू दे.

दुपारी अडीच-तीनला जीप येईल. वाटेत कुलधरा दाखवतील, पालीवाल ब्राह्मणांचं ओस पडलेलं गाव. दिवाणाच्या जाचापायी अख्खं गाव एका रात्रीत उठून गेलं, अशी कथा ऐकवतील. ऐक, पण तिथल्या घरांच्या दगडी भिंतीही नीट बघ. इतक्या कमी पावसाच्या मुलखात या लोकांनी खडिनं म्हणजे मातीचे बांध घालून, वाहून जाणारं पाणी अडवून गहू पिकवला होता.

उंटाबद्दल मात्र नीट सांगते. उंट उठतो तो आधी मागच्या पायांवर. तू एकदम पुढे फेकली जातेस. त्या क्षणी पाठ मागे टाकायची आणि पलाणाची खुंटी दोन्ही हातांनी धरायची. मग पुढचे पाय उचलतो आणि तू सरळ होतेस. बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही मागेच रेलायचं. फोन त्या वेळी हातात नको, पिशवीत. बारीक वाळू चार्जिंगच्या भोकात गेली की निघत नाही.

बरेच उंटवाले पर्यटकाच्या मागे त्याच उंटावर बसतात. तुला ते नको असेल तर चढायच्या आधी शांतपणे सांग, ‘भाईसा, आप आगे रस्सी पकड़कर चलिए.’ कुणी वाईट मानत नाही. आणि पाऊण तासापेक्षा जास्त वेळ बसू नकोस, मांड्या सोलवटतात. सैलसर सुती पँट घाल, जीन्स नको. बूट-मोज्यांना भुरट नावाच्या गवताची काटेरी कुसळं चिकटतात. ती बोटांनी ओढलीस तर बोटांत रुततात, म्हणून कंगव्यानं काढ.

चालता चालता त्या माणसाशी बोल. उंटाचं नाव विचार, वय विचार. 2014 साली राजस्थाननं उंटाला राज्यप्राणी केलं, पण आकडे घसरतच आहेत: देशात 2012 च्या पशुगणनेत चार लाखांच्या आसपास उंट होते, 2019 मध्ये अडीच लाख राहिले. ओझं वाहायला ट्रॅक्टर आणि पिकअप आले, चराईची रानं आटली, मग उंट पाळायचा कशाला? समच्या आसपास ज्यांनी उंट टिकवलेत, त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा चारा तुझ्या-माझ्यासारख्यांच्या या अर्ध्या तासाच्या फेरीवर चालतो. ज्याला तू ‘टुरिस्टी’ म्हणून नाक मुरडतेस ना, त्यावर ती घरं उभी आहेत. बक्षिसी थेट त्याच्या हातात दे, कॅम्पच्या काउंटरवर नको. उंटाच्या नाकाशी जखम दिसली, तो लंगडत असला, तर दुसरा माग आणि कारणही सांग.

डिसेंबरात सूर्य सहाच्या जरा आधी मावळतो. सगळे एकाच टेकडीवर गर्दी करतात. तू त्यांच्याकडे पाठ करून पूर्वेकडे बघ, वाळूचा रंग तिकडे बदलतो. शंभर-दीडशे पावलं बाजूला गेलीस तरी पुरे, माणसं नजरेच्या टप्प्यात राहू देत.

रात्री कार्यक्रम असतो. कर्णा मोठा, गाणी बहुतेक फर्माइशीची. पण गाणारे पुष्कळदा मांगणियार असतात, पिढ्यानपिढ्या यजमानांच्या घरी जन्म-लग्नाला गाणारे. कमायचा हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य वाजवणारे, पद्मश्री मिळालेले साकर खान याच जिल्ह्यातल्या हमीरा गावचे. कार्यक्रम संपून लोक जेवायला पळतात तेव्हा तू पुढे जाऊन बस आणि ‘कमायचा सुनाएँगे?’ एवढंच विचार. सोबत कमायचा असेल तर बहुतेक नाही म्हणत नाहीत. कातड्यावर ताणलेल्या तारांचा तो जाडसर, घोगरा आवाज कर्ण्याशिवाय ऐकलास की त्या संध्याकाळचे पैसे फिटले.

तंबू कुटुंबांच्या रांगेतला माग. चेनला आतून लावायला छोटं कुलूप ने. दारू पिऊन नाचणारं टोळकं असेल तर मॅनेजरला सांगून जागा बदलून घे, भीड बाळगू नकोस. 112 लक्षात आहेच. थंडी मात्र हलक्यात घेऊ नकोस. दिवसा घाम येतो आणि पहाटे पारा पाच-सात अंशांवर उतरतो. कानटोपी, लोकरीचे मोजे, शाल.

हाताशी एक दिवस जास्त असेल तर सुदासरीला जा. तो मरू राष्ट्रीय उद्यानाचा भाग, गोडावण राहतो तिथे, म्हणजे आपला माळढोक. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य केलं, आणि आज तिथे तो दिसणं दुरापास्त झालंय. देशभरात दीडशेच्या आसपास उरले असतील, त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. विजेच्या तारांवर आदळून मरतात बिचारे. जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही. दिसलाच तर जीपमधून उतरू नकोस, लांबूनच बघ.

सफारीचं नक्की करण्याआधी त्यांनी लिहून दिलेलं मला पाठव, मी वाचते. आणि येताना बाजारातून पावशेर केर-सांगरी, म्हणजे तिकडची वाळवलेली भाजी, आण. रात्रभर भिजवून, दह्यात कशी करायची ते मी दाखवते.

तुझी,
मावशी