दोन कॅबिनेट, डावी-उजवीकडे किती?

प्रश्न : एकाच गिटार टेकवर (एकदा वाजवून केलेल्या रेकॉर्डिंगवर) दोन कॅबिनेटचे (गिटारच्या स्पीकर-पेट्यांचे) आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे माइकने टिपलेला पेटीच्या आवाजाचा ठसा) लावतो, एक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. हेडफोनवर छान, पण गणपतीच्या मंडपात गिटार पोकळ वाटते. असे का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : मंडपात बहुधा दोन्ही बाजू एकत्र करून, म्हणजे मोनोमध्येच आवाज सोडतात. आयआर वेळेत जुळलेले नसले, तर ते एकत्र येताना काही फ्रिक्वेन्सी खोडल्या जातात. फरक १ मिलिसेकंदाचा, म्हणजे माइक ३४ सेंटिमीटर मागे असण्याइतका असला, तरी ५०० हर्ट्झला खड्डा पडतो. पुढे १५०० आणि २५०० लाही. गिटारचा जीव तर तिथेच असतो!

मास्टर (सगळा आवाज शेवटी एकत्र येतो तो चॅनल) मोनो करा. एका आयआरची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटी करा. आधी येणारा आयआर ०.१ मिलिसेकंदाच्या टप्प्यांनी उशिरा करत न्या, आवाज सर्वांत पातळ होईल तिथे थांबा आणि पोलॅरिटी पूर्ववत करा. आता तो भरदार लागेल.

एका टेकला ३० ते ५० टक्के पॅन (आवाज डावी-उजवीकडे सरकवणे) पुरे. पूर्ण १०० हवे असेल तर तोच भाग पुन्हा वाजवून रेकॉर्ड करा. नुसती कॉपी दुसऱ्या बाजूला टाकली तर आवाज मोठा होतो, रुंद नाही.