घरी नाटकं वाचणारा ग्रुप टिकवायचा कसा?

तुम्ही विचारलंय की सात-आठ जण मिळून घरी नाटकं मोठ्याने वाचायला सुरुवात केली पण तिसऱ्या बैठकीपासूनच लोक गळायला लागले, तर काय करावं. आम्ही नाशिकला सहा वर्षं हे करतोय, महिन्याचा दुसरा रविवार, कुणाच्या तरी हॉलमध्ये, म्हणून लिहिते.

आधी बघा मोठ्या भूमिका कायम त्याच दोघा-तिघांकडे जातायत का. ज्याला अख्ख्या संध्याकाळी चार वाक्यं मिळतात तो पुढच्या वेळी येत नाही, आमच्याकडेही हेच झालं होतं. आता आम्ही दर अंकाला पात्रं बदलतो, वय बघत नाही, बाई-पुरुष बघत नाही. 'शांतता! कोर्ट चालू आहे' तीन अंकी, म्हणजे त्यातली नायिका बेणारे वाचणारेही तिघं. पहिल्या अंकातली थट्टामस्करी करणारी बेणारे कॉलेजच्या मुलीने वाचली आणि शेवटचं ते लांबलचक स्वगत बँकेतून रिटायर झालेल्या एका काकांच्या वाट्याला आलं, एरवी ते फारसं बोलत नाहीत, पण काय वाचलं त्यांनी!

दुसरं म्हणजे रंगसूचना, संवादांच्या मधे कोण काय करतंय, कुठे थांबतंय ते लिहिलेलं असतं ना, ते वाचणं. हे काम उरलेल्या माणसाला देऊ नका प्लीज, सगळ्यात चांगलं वाचणाऱ्याला द्या. आम्ही 'वाडा चिरेबंदी' घेतलं तेव्हा कळलं, एलकुंचवारांची माणसं गप्प होतात तिथेच तर सगळं घडत असतं, आणि आपण ती जागा गाळून सरळ पुढच्या संवादावर उडी मारतो. त्या दिवशी एक काकू "स्तब्धता" म्हणून खरंच थांबल्या, चार-पाच सेकंद, आणि सगळ्यांनी पुस्तकातून मान वर काढली.

तालीम मात्र करू नका. हॉल घेऊन जाहीर अभिवाचन करायचं ठरवलं की लेखकाची किंवा वारसांची परवानगी आली, पाठांतर आलं, रुसवेफुगवे आले, आमचे चार जण त्यातच ग्रुप सोडून गेले आणि परत आले नाहीत, त्याचं मला अजून वाईट वाटतं. गडकरी 1919 ला गेले, देवल 1916 ला, त्यांच्या नाटकांना आता कॉपीराइट नाही, तेवढी एक अडचण कमी.

पण गडकऱ्यांपासून सुरुवात नको, वाक्यं लांब असतात आणि दम पुरत नाही. आम्ही 'एकच प्याला' पाचव्या महिन्यात घेतलं. शेवटच्या अंकात सिंधू वाचणारीला पुढे वाचवेना, तिने पुस्तक शेजारणीकडे दिलं, तिलाही जमेना, मग तिसरीने घेतलं आणि पूर्ण केलं.