असाइनमेंट रविवारी रात्री पण होते

अरे,

तुझा मेसेज वाचला. सगळे ईस्टरला पॅरिस-प्राग करतायत, माझं बजेट नाही, म्हणून मी आपला लायब्ररीतच बसतो, असं लिहिलंयस. जर्मनीत, मानहाइममधल्या माझ्या पहिल्या वर्षी मी पण सेम हेच केलं होतं. व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला मोजकेच पैसे सुटायचे, डोक्यावर एज्युकेशन लोन, बाबा तिकडे व्याजाचा हिशोब लावतायत आणि आपण इकडे फुलं बघत फिरायचं हे मनाला पटायचंच नाही. मग मे महिन्यात एकदा मान वर करून बघितलं तर सगळी झाडं हिरवीगार, बहर कधी आला कधी गेला पत्ताच नाही. आणि मार्क्स? जेवढे पडायचे तेवढेच पडले.

पॅरिस राहू दे. ते कुठे पळून जात नाहीये, नोकरी लागल्यावर जा. पण श्वेट्झिंगेनच्या राजवाड्याच्या बागेतली चेरी जेमतेम दोन आठवडे टिकते, मध्ये जोराचा पाऊस आला तर तेवढी पण नाही. मानहाइमहून एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडलीस की पाव तासात पोचतोस, बागेला तिकीट आहे पण स्टुडंट कार्ड दाखव. आत अठराव्या शतकात बांधलेली एक मशीद आहे, नमाजासाठी नाही हं, तेव्हाच्या राजेलोकांना पूर्वेकडच्या गोष्टींचं वेड होतं म्हणून नुसती शोभेला! तिच्या जवळच ती चेरीची बाग. दुसऱ्या वर्षी मी तिथे एकटीच गेले होते, गुढीपाडव्याच्या नंतरचा शनिवार होता, फॉइलमध्ये गुंडाळलेली पोळी आणि बटाट्याची भाजी काढली आणि दोन घास खाल्ले नाहीत तोवर भाजीवर चार पाकळ्या. शेजारच्या आजी हसायला लागल्या, मग त्यांनी डब्यातला केक दिला, मी पोळी दिली, माझं जर्मन तेव्हा दिव्य होतं पण अर्धा तास गप्पा झाल्या. सेमिस्टरभर क्लासला जाऊन जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या दिवशी बोलले.

त्याच्याही आधी, मार्चमध्ये, नॉयश्टाटजवळ गिमेल्डिंगेनला बदामाची झाडं गुलाबी होतात. नॉयश्टाटपर्यंत पण एस-बान जाते, पुढे द्राक्षांच्या मळ्यांमधून चालत जायचं. यंदा हुकलं असेल तर वाइनहाइमचा हेर्मान्सहोफ बगीचा बघ, ट्युलिप्स आणि एंट्री फुकट. आणि हायडेलबर्गला जाशील तेव्हा नुसता किल्ला बघून परत येऊ नकोस, जुन्या पुलापलीकडून श्लांगनवेगच्या पायऱ्या चढून फिलोसोफनवेग या डोंगरावरच्या वाटेवर जा, दम लागेल, पण वरून नेकार नदी, पूल आणि समोर किल्ला असं सगळं एका नजरेत येतं. मला तिथे नेहमी सोन्थायमर आठवतात. हायडेलबर्गच्या युनिव्हर्सिटीत शिकवणारा हा माणूस आपल्या धनगरांच्या मागे रानोमाळ फिरला, खंडोबावर काम केलं, आणि आपल्याला इथून एक तासावर जायचा कंटाळा!

आता जरा कामाचं. डॉइचलँड-टिकीट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, रीजनल गाड्यांना चालतं, आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या फास्ट गाड्यांना नाही. मी एकदा घाईत समोर दिसली त्या गाडीत चढले आणि ६० युरोचा दंड भरला, चूक शंभर टक्के माझीच. रविवारी परतीची शेवटची गाडी धरायची नाही, तिच्या आधीची धर, कारण ऐनवेळी कॅन्सल झाली की प्लॅटफॉर्मवर कुडकुडत बसायला लागतं. एप्रिल इथला लहरी, सकाळी ऊन, दुपारी गारा, तेव्हा जॅकेट घेतल्याशिवाय निघू नकोस. जंगलात लसणासारखा वास येणारा बेअरलाउख नावाचा पाला मिळतो, त्याची शेंगदाणे घालून चटणी फार भारी होते, पण सारख्याच दिसणाऱ्या पानांची विषारी झाडं पण तिथेच असतात आणि दोन पानं खुडली की हातालाच लसणाचा वास लागतो, मग हुंगून काही कळत नाही. म्हणून पहिल्या वेळी ओळखणाऱ्या माणसाबरोबरच जा, नाहीतर सरळ बाजारातून आण. गवतात लोळून आलास तर घरी येऊन गुडघ्यामागे, काखेत गोचीड बघ, आणि ती चावून होणाऱ्या आजाराच्या लसीचं डॉक्टरांना विचारून ठेव.

अभ्यासाचं म्हणशील तर शनिवार अख्खा बाहेर, रविवार दुपारनंतर टेबलावर, असं मी ठेवलं होतं. दोन्ही दिवस फिरलं की सोमवारी वाट लागते, ते पण करून बघितलंय. आणि आईला फोटो पाठव रे, लपवू नकोस. माझ्या आईला मी बाहेर गेलेलं कळलं की उलट बरं वाटायचं, खोलीतून व्हिडिओ कॉल केला की ती विचारायची, तोंड का उतरलंय.

या शनिवारी जाणार असशील तर शुक्रवारीच बटाटे आणून ठेव, रात्री कणीक भिजव. आणि पोळ्या दोन जास्त कर.

तुझी,
ताई