राजीनाम्याआधी रजेचा हिशेब

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यात टपाल खात्यात पोस्टल असिस्टंट आहे. नोकरीला ११ वर्षे झाली असून हातात ५२ हजार रुपये येतात. यजमानांचे विजेच्या सामानाचे दुकान आहे. आठ वर्षांच्या मुलीला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. शाळेतून आठवड्यात दोन-तीनदा ‘मुलीला घेऊन जा’ असा फोन येतो. राजीनामा देऊन तिच्यासह पुण्यात राहावे आणि तिला विशेष शाळेत घालावे, असे मनात आहे. शाळेची फी वर्षाला १ लाख ८० हजार आणि खोलीचे भाडे दरमहा १४ हजार आहे. मुदत ठेव ६ लाख, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) १५ लाख आणि ग्रॅच्युइटी ४ लाख, अशा २५ लाखांत निभेल का? विमा एजंटने सुचवलेली पॉलिसी घ्यावी का, मुलीच्या सुकन्या खात्याचे काय करावे आणि आमच्यामागे तिचे काय, हेही सांगावे.

उत्तर: आपला सगळा बेत २५ लाखांच्या बेरजेवर उभा आहे, म्हणून आधी ती तपासू. साठीच्या आत राजीनामा देऊन एनपीएसमधून बाहेर पडल्यास जमा रकमेच्या ८० टक्क्यांची वार्षिकी (दरमहा पेन्शन देणारी योजना) घ्यावी लागते. म्हणजे १५ लाखांपैकी हाती ३ लाखच येतील. केंद्र सरकारच्या सेवेत राजीनाम्याने आधीची सेवा बाद होते, तेव्हा ग्रॅच्युइटी धरूच नये. राहिले ९ लाख. फी आणि भाडे मिळून वर्षाला ३ लाख ४८ हजार होतात. साताऱ्याचे घर दुकानावर चालेल आणि वार्षिकीचे दरमहा येणारे काही हजार थेरपीत जातील असे मानले, तरी साधारण अडीच वर्षांत हे ९ लाख संपतील. मुलगी तेव्हा साडेदहा वर्षांची असेल आणि घरात नियमित पगार नसेल.

राजीनाम्याचा विचार करण्याआधी बालसंगोपन रजेचा विचार व्हावा. आपल्याला संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची ही रजा मिळू शकते. त्यात पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार आणि पुढचे ३६५ दिवस ८० टक्के पगार मिळतो. ती एका वर्षात जास्तीत जास्त तीन हप्त्यांत घेता येते. रजा हक्क म्हणून मागता येत नाही आणि माणसे कमी असलेल्या कार्यालयात साहेब कुरकुर करतील, हे मान्य. पण अर्ज लेखी आणि वेळेत दिलेला असावा. माझा सल्ला असा की येत्या जूनपासून सहा महिन्यांची रजा घेऊन पुण्यात खोली करावी, तिथल्या थेरपिस्टकडून घरी करून घेण्याचे काम स्वतः शिकून घ्यावे आणि मुलीला त्या शाळेचा खरोखर किती उपयोग होतो ते पाहावे. यात पगार चालू राहील आणि ठेवीतून एक-दीड लाखापेक्षा जास्त जाणार नाही. शाळा मानवली, तर टपाल खात्याच्या रूल ३८ खाली पुण्याला विनंती बदली मागता येते. त्यात ज्येष्ठता जाते, पण पगार शाबूत राहतो.

आपण एका ओळीत लिहिले आहे की दिव्यांग प्रमाणपत्र काढलेले नाही, कारण ‘पोरीवर शिक्का बसेल’ असे सासूबाईंना वाटते. त्यांची भीती खोटी नाही. मात्र त्या कागदावाचून घराचे किती नुकसान होत आहे, हे त्यांना आकड्यांत सांगावे. रजा प्रमाणपत्राशिवायही मिळते, परंतु ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व नोंदले गेले की अपत्याच्या १८ वर्षांच्या वयाची अट तिला राहत नाही. बाल शिक्षण भत्ता दुप्पट होऊन दरमहा ५,६२५ रुपये, म्हणजे वर्षाला ६७,५०० रुपये होतो. नियमित फिरत्या बदल्यांतून सूट मागता येते. आणि आपण सेवेत असताना काही बरेवाईट झाले, तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकते; एनपीएसमध्ये असल्याने त्यासाठीचा विकल्प भरून दिला आहे का, ते सेवापुस्तकात पाहून घ्यावे. ‘आमच्यामागे तिचे काय’ या आपल्या प्रश्नाला इतके भक्कम उत्तर मी विकत घेऊन देऊ शकत नाही, आणि राजीनाम्याने तेच हातचे जाईल.

शाळेच्या फोनबद्दल. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार मान्यताप्राप्त शाळेने अशा मुलांना भेदभाव न करता शिकवायचे असते आणि गरजेनुसार सोयी करून द्यायच्या असतात. रोज तोंडी बोलण्याऐवजी मुख्याध्यापकांना पत्र देऊन पोच घ्यावी आणि वर्गात मदतनीस बसवण्याची परवानगी मागावी. मदतनीसाला दरमहा १२ हजार द्यावे लागले तरी ५२ हजारांचा पगार सोडण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त आहे, शिवाय वाढीव भत्त्यातून त्यातला काही भाग निघेल.

एजंटने ८० डीडी कलमाची करसवलत दाखवून सुचवलेली पॉलिसी घेऊ नये. ती वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. आपल्या पगारावर नव्या प्रणालीत कर लागतच नाही, मग वाचवायचे काय? त्याऐवजी यजमानांच्या नावे साधा मुदत विमा घ्यावा आणि मुलीसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना घ्यावी. तिच्यात वर्षाला १ लाखापर्यंतचे संरक्षण असून थेरपीचा खर्चही मर्यादेत मिळतो.

सुकन्या खाते सहसा मध्येच मोडता येत नाही. ते वर्षाला किमान २५० रुपये भरून चालू ठेवावे आणि बाकीची बचत आपल्या दोघांच्या नावावर करावी. १८ वर्षांनंतर खात्याचे व्यवहार मुलीच्या सहीने होतात. तिला ते जमणार नसेल, तर त्या सुमारास जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा लागेल.