छतावर सोलर, तरी सेल्फची बॅटरी उपाशी

ताई, तुमची अडचण थोडक्यात अशी समजली: ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधून घेतलेली मोटरहोम, इंदूरजवळ राऊच्या प्लॉटवर उघड्यावर उभी, वर्षातून तीन-चार फेऱ्या. छतावर ४०० वॅटचं सोलर, आत २०० अँपियर-तासांची लिथियम बॅटरी, आणि ती कायम भरलेली. तरी तीन आठवड्यांनी किल्ली फिरवली की नुसतं ‘टक’. बॅटरीवाला म्हणतो नवी घ्या, शेजारी म्हणतात आठवड्यातून दहा मिनिटं इंजिन चालवा, आणि कुणीतरी दोन्ही बॅटऱ्या जाड वायरने जोडून टाकायला सांगितलंय. यातलं काहीच इतक्यात करू नका.

तुमच्या गाडीत एका छपराखाली दोन चुली आहेत. सोलर फक्त मागच्या चुलीला सरपण पुरवतं: पंखा, फ्रिज, दिवे. इंजिनला सेल्फ मारणारी पुढची बॅटरी अल्टरनेटरवर जगते, आणि अल्टरनेटर इंजिन चालू असलं तरच फिरतो. म्हणजे उन्हात उभ्या गाडीच्या छतावर वीज वाया जात असते आणि खाली सेल्फची बॅटरी उपाशी मरत असते.

आता थोडा हिशेब. सेल्फची बॅटरी ८० अँपियर-तासांची म्हणालात. निम्मी उतरली की डिझेल इंजिन फिरवायला ती कुरकुरते. ४० अँपियर-तास २१ दिवसांत गेले, म्हणजे दिवसाला साधारण १.९, म्हणजेच सतत ८० मिलिअँपियर कुणीतरी पितंय. (काही भाग बॅटरी आपसूक उतरण्याचा धरा.) गाडीचा कॉम्प्युटर, सेंट्रल लॉक, घड्याळ मिळून २० ते ५० मिलिअँपियर खाणं स्वाभाविक आहे. त्यावरचं जे आहे, तो चोर. आधी तो धरा. नाहीतर नवी बॅटरीही तीन आठवड्यांनी तशीच बसेल.

चोर धरायला मल्टीमीटर पुरतो, इंदूरच्या जेल रोडवर साधा मिळेल, फक्त १० अँपियरचं भोक असलेला घ्या. सगळं बंद करा, दारं लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि मीटर मध्ये जोडा. लगेच आकडा वाचू नका. कॉम्प्युटर झोपायला अर्धा-पाऊण तास घेतो, तोवर चहा करा. मीटर मध्ये असताना किल्ली चुकूनही फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. मग फ्यूज एकेक काढत जा. ज्याने आकडा धाडकन खाली येईल, ती वायर कुठे जाते ते शोधा. कारखान्यातून आलेल्या वायरिंगवर संशय शेवटी घ्यायचा. बॉडी बांधणारे घाईत पायरीचा दिवा, मागचा कॅमेरा, यूएसबीची भोकं, कधीकधी पाण्याचा पंपसुद्धा पुढच्या बॅटरीवर टाकून मोकळे होतात. जीपीएस ट्रॅकर तर हमखास. माझ्या आत्ताच्या गाडीत मीटरने ३४० मिलिअँपियर दाखवले, तेव्हा मी मीटरच खराब समजलो होतो. निघाला तो दोन बॅटऱ्या जोडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. त्याच्या कॉइलची वायर इग्निशनवर न देता थेट कायम वीज असलेल्या वायरवर दिली होती. दिवसाला आठ अँपियर-तास नुसत्या एका कॉइलने खाल्ले.

त्याच्याही आधीची गोष्ट सांगतो, कारण इथे वाचणाऱ्यांत मिनीबसवर घर बांधलेलेही काही जण आहेत. माझी पहिली गाडी जुनी २४ व्होल्टवाली, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक. म्युझिक आणि दोन पंखे १२ व्होल्टचे. आमच्या मिस्त्रीने “भिया, टेन्शन मत लो” म्हणत दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर ओढली. गाणी वाजली, सगळे खूष. सहा महिन्यांत एक बॅटरी कायम १२.१ वर, आणि दुसरीत दर पंधरा दिवसांनी पाणी कमी. मी पाणी कमी होणारीला दोष देत होतो. खरं तर दोघींमधून चार्जिंगचा करंट सारखाच जातो. जिच्यावर पंखे, ती मागे पडते. अल्टरनेटर बघतो फक्त बेरीज. २८.२ व्होल्टमध्ये एकीला १२.९ मिळाले की दुसरीला १५.३ बसतात, आणि ती उकळते. एक उपाशी, एक अजीर्णाने बेजार. अशा गाडीत १२ व्होल्ट हवे असतील तर ते २४ वरून १२ करणाऱ्या कन्व्हर्टरमधूनच घ्या, नाहीतर दोन बॅटऱ्यांत दोघींचा व्होल्टेज सारखा ठेवणारा इक्वलायझर बसवा. आणि बदलाल तेव्हा जोडीने बदला. मी एकच बदलून पैसे वाचवले होते, पुढच्या वर्षी दोन्ही घ्याव्या लागल्या.

दहा मिनिटं इंजिन चालवण्याबद्दल. मंद फिरणाऱ्या इंजिनावर बॅटरीत २० अँपियर जातात असं उदार मनाने धरलं, तरी दहा मिनिटांत जेमतेम तीन अँपियर-तास. तुमचा आठवड्याचा खर्च तेराच्या वर. शिवाय लेड-अ‍ॅसिड बॅटरी शेवटचे वीस टक्के फार हळू गिळते, त्याला काही तास लागतात. इंजिन धड तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, आणि बीएस-६ डिझेल इंजिनात असल्या थंड फेऱ्यांनी डीपीएफमध्ये, म्हणजे धुराच्या गाळणीत, काजळी भरते. चालवायचीच असेल तर महिन्यातून एकदा मांडूला जाऊन या. जाऊन-येऊन चार तास तरी होतात, टायरांनाही बरं.

आता खरा उपाय. लिथियम भरलेली आहे ना? मग तिच्यातलं चमचाभर पुढे पोचवा. दोन रस्ते आहेत. एक, दोन बॅटऱ्यांना आउटपुट देणारा सोलर कंट्रोलर, जो मुख्य बॅटरी भरली की थोडा करंट सेल्फच्या बॅटरीला देतो. दुसरा, लिथियमकडून घेऊन पुढे एक-दोन अँपियर देणारा छोटा १२ ते १२ चार्जर. तो लिथियमचा व्होल्टेज ठरावीक पातळीखाली आला की आपोआप थांबणारा हवा. मी दुसरा निवडला, कारण कंट्रोलर आधीच चांगला होता. वायरला दोन्ही टोकांना, बॅटरीलगत फ्यूज लावा. त्यात आळस नको. जाड वायरने थेट जोडण्याचा सल्ला सोडून द्या. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर भाजून निघतो, आणि सेल्फ मारताना तिच्यातून झटका गेला की बीएमएस, म्हणजे तिची राखण करणारं सर्किट, ट्रिप होतं.

या जोडाजोडीच्या भानगडीत पडायचं नसेल तर सेल्फच्या बॅटरीसाठी वेगळं २० वॅटचं पॅनेल आणि छोटा कंट्रोलर लावा. इंदूरच्या उन्हात दिवसाला चारेक अँपियर-तास मिळतात, जुलै-ऑगस्टच्या झडीत एखादा. चोर पकडलेला असेल तर तेवढं पुरतं. पॅनेल काचेच्या आत ठेवू नका, बरंच हाती लागत नाही. शेडखाली गाडी असेल तर अर्थातच २३० व्होल्टवरचा, फ्लोटवर (भरलेली बॅटरी नुसती राखणाऱ्या व्होल्टेजवर) थांबणारा चार्जर. बॅटरीच्या दुकानातला जुना ट्रान्सफॉर्मरवाला नको, तो कधी थांबायचं ते जाणत नाही.

मेन कट-ऑफ स्विच स्वस्त आणि खात्रीचा, पण ट्रॅकर बंद पडतो आणि बॅटरी आपसूक उतरायची ती उतरतेच. ज्या गाडीत धूर साफ करायला युरिया भरावा लागतो, तिथे इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं थांबून मगच स्विच बंद करा. पंप नळीतला युरिया परत ओढत असतो.

उन्हाळ्याकडे मात्र लक्ष द्या. लोक म्हणतात थंडीत बॅटरी जाते. ती मरते मे महिन्यात, कळतं डिसेंबरच्या पहाटे. तापमान दहा अंशांनी वाढलं की आपसूक उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, पाणी उडतं, आणि १२.४ व्होल्टच्या खाली आठवडेच्या आठवडे राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. फ्लोट १३.८ वर ठेवला असेल तर ४२ अंशांत तो १३.४ च्या आसपास आणा, किंवा तापमान बघून स्वतः जुळवून घेणारा चार्जर घ्या. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी पाणी बघा, आणि डिस्टिल्डच घाला, नर्मदेचं पाणी कितीही गोड असलं तरी.

तुमची आत्ताची बॅटरी गेली की नाही, हे असं ठरवा: पूर्ण चार्ज करा, वायर सोडून दोन दिवस ठेवा. १२.६ राहिली तर ती बहुधा ठणठणीत आहे, बॅटरीवाल्याला नमस्कार करा. १२.३ वर आली तर तो खरं बोलत होता.

आणि हे सगळं होईपर्यंत कधी सकाळी निघायचंय आणि ‘टक’ झालं, तर कुणाची गाडी शोधत फिरू नका. चार-पाच अँपियरचा एक चांगला चार्जर गाडीत ठेवा. मागच्या इन्व्हर्टरच्या सॉकेटला तो लावा, लाल चिमटा सेल्फच्या बॅटरीला, काळा चॅसिसला. पोहे करा, सगळ्यांना खाऊ घाला, सामान चढवा. दोन-तीन तासांत सेल्फ उचलते. आमच्याकडे हे दोनदा झालंय, आणि दोन्ही वेळा सौ. म्हणाली की यामुळेच पहिल्यांदा नाश्ता करून निघालो.