ऑप्टिकल नेटवर्कमध्ये मोजकेच वेव्हलेंग्थ कन्व्हर्टर असतील तर ते कोणत्या नोडवर बसवावेत?

तुम्ही १४ नोडच्या नेटवर्कमध्ये सर्वांत जास्त लिंक असलेले चार नोड निवडून तिथे कन्व्हर्टर, म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी बदलणारी उपकरणं, बसवलेत, तरी ब्लॉकिंग (मोकळी तरंगलांबी न मिळाल्याने नाकारल्या जाणाऱ्या मागण्यांचं प्रमाण) जेमतेमच कमी झालं. माझ्या मते निकषच बदलायला हवा. नोडला किती लिंक आहेत यापेक्षा त्याच्यातून किती लाइटपाथ (एका नोडपासून दुसऱ्यापर्यंतच्या प्रकाशजोडण्या) आरपार जातात ते मोजा. लाइटपाथ जिथे सुरू होतो तिथे त्याला मोकळी तरंगलांबी निवडायची मुभा असतेच आणि जिथे संपतो तिथे बदलायचं काही उरत नाही. कन्व्हर्टर कामाला येतो तो फक्त मधल्या नोडवर.

मधला म्हणजे नेमका कुठला, हेही महत्त्वाचं आहे. चार लिंकचा एक मार्ग घ्या. प्रत्येक लिंकवर १० तरंगलांबी आहेत, त्यातली प्रत्येक निम्मा वेळ व्यापलेली असते, आणि लिंक एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरू. कन्व्हर्टर नसेल तर चारही लिंकवर एकच तरंगलांबी मोकळी मिळावी लागते. ब्लॉकिंग सुमारे ५२ टक्के येतं. पहिल्या लिंकनंतर कन्व्हर्टर ठेवला तर ते २६ टक्क्यांवर येतं आणि बरोबर मध्यावर ठेवला तर ११ टक्क्यांवर. कन्व्हर्टर तोच, खर्च तोच! लांबच लांब अखंड तुकडा उरू द्यायचा नाही, हे यातलं मर्म. (प्रत्यक्षात शेजारच्या लिंकवर बरेचसे तेच लाइटपाथ असतात, त्यामुळे फायदा यापेक्षा कमी दिसतो.)

रिंगमध्ये तर हे फारच सुंदर दिसतं. मागण्या आधीच माहीत असतील आणि कुठल्याही लिंकवर जास्तीत जास्त ल लाइटपाथ असतील, तर कन्व्हर्टरशिवाय जवळजवळ दुप्पट तरंगलांबी लागू शकतात. पण एकाच नोडवर पूर्ण रूपांतर (कुठल्याही तरंगलांबीतून कुठल्याही तरंगलांबीत) दिलं की ल तरंगलांबी पुरतात, कारण त्या नोडपाशी रिंग कापून सरळ रेषा केल्यासारखं होतं.

तुमच्या निवडीत आणखी एक अडचण असू शकते. चार नोड एकदाच क्रमवारी लावून घेतले की ते बहुधा शेजारीशेजारी येतात आणि एकमेकांचंच काम करत बसतात. त्याऐवजी एक कन्व्हर्टर बसवा, सिम्युलेशन पुन्हा चालवा, आता कुठल्या नोडवर सर्वाधिक घट मिळते ते बघून दुसरा बसवा. याने सर्वोत्तम उत्तराची हमी मिळत नाही, पण १४ नोडमधून चार-चारचे १,००१ गटच होतात. संगणकाला वेळ असेल तर सगळ्याच तपासून टाका.

त्याआधी एकदा सर्व १४ नोडवर कन्व्हर्टर ठेवून बघा. तरीही ब्लॉकिंग फारसं उतरलं नाही, तर लिंकच भरल्या आहेत आणि तिथे जागा बदलून काही होणार नाही. तसंच लांब पल्ल्यासाठी कुठे रीजनरेटर (क्षीण झालेला सिग्नल पुन्हा ताजा करणारी उपकरणं) लागणारच असतील तर तिथून सुरुवात करा: प्रकाशाचं विजेत आणि पुन्हा प्रकाशात रूपांतर होतंच आहे, मग बाहेर पडताना लेसर दुसऱ्या तरंगलांबीवर लावता येतो.